प्राणाचार्यांचा डावा हात

पळसदरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक लग्नाचा हॉल आहे. लगीनसराई सरली की तिथं चिटपाखरू फिरकत नाही. त्या वर्षी मात्र दर रविवारी सकाळी तिथं गाडी लावायला जागा मिळेना. कर्जत, नेरळ, खोपोली, पार शिळफाट्यापासून माणसं येत; कुणी छाती धरून, कुणी छाती धरणाऱ्याला धरून. दारात चपलांचा ढीग, आत पंख्यांची घरघर आणि मंचावर, जिथं एरवी नवरा-नवरीचं सिंहासन मांडतात तिथं, एक पांढरी खुर्ची. त्या खुर्चीत प्राणाचार्य बसत.

मागं देवाची तसबीर नव्हती. समई नव्हती, उदबत्ती नव्हती. हृदयाचा रंगीत तक्ता होता आणि शेजारी मोठा टीव्ही. करोनात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं ऑक्सिमीटर कॅमेऱ्यासमोर धरलं, की त्यावरचे आकडे टीव्हीवर कलिंगडाएवढे दिसत.

"मी बाबा नाही!" प्राणाचार्य माइकवर सांगत. "मला हार घालू नका, माझ्या पाया पडू नका. मी फक्त विज्ञान सांगतो."

असं म्हटलं की निम्मा हॉल पाया पडायला उठे.

तिसऱ्या रांगेत पौर्णिमा बसली होती. तिच्या एका बाजूला रूपाकाकी, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ मिलिंद. मिलिंद टेंपो चालवायचा आणि आपल्या टेंपोतून सगळ्यांना इथं घेऊन यायचा. पौर्णिमा पहिल्यांदाच आली होती. आणि मंचावर, पांढऱ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, शर्टाची बाही वर करून तिचे कमळाकरकाका बसले होते.

प्राणाचार्यांनी काकांच्या दंडाला रुंद पट्टा गुंडाळला, त्यात लाकडी दांडी अडकवली आणि पिळली. बोटाला ऑक्सिमीटर होतंच. टीव्हीवर सत्त्याण्णव दिसत होतं. दांडी आणखी पिळली गेली. आकडा लुकलुकला आणि पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा उरल्या.

"गेला," प्राणाचार्य हलक्या आवाजात म्हणाले. "या हातातला प्राण गेला. बघा रंग!"

काकांचा पंजा खरोखरच खडूसारखा पांढरा पडला होता. हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. प्राणाचार्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, काकांच्या तळव्यावर फुंकर मारली आणि दांडी सोडली. बघता बघता पंजा लालबुंद झाला. रेघा जाऊन आकडे आले.

"आला रं आला!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्यांनी पत्रे हादरले.

पौर्णिमाने टाळी वाजवली नाही. पट्टा आवळला म्हणून रक्त थांबलं, सोडला म्हणून आलं. उपाशी राहिलेल्या हातात रक्त परतताना जरा जास्तच जोरात येतं, म्हणून तो लाल होतो. यात फुंकरीचं काय काम? तिनं काकीकडं पाहिलं. काकी टाळ्या वाजवत नव्हती, पण पदराचं टोक तोंडाशी धरून नवऱ्याकडं अशी बघत होती, जणू तिच्यासमोर त्याचं आयुष्य वाढत होतं.

मग प्राणाचार्यांनी टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. कोणीतरी चष्मेवाले शास्त्रज्ञ भाषण करत होते. त्यातला एकच तुकडा होता: "हृदयाला काही काळ प्राणवायू मिळाला नाही आणि मग तो अचानक परत आला, तर त्या परत येण्यानंसुद्धा हृदयाच्या पेशी मरतात." एवढं झालं की चित्र गोठलं.

पौर्णिमा पुढं सरकून बसली. कारण वाक्य खरं होतं. ती नव्या मुंबईत ज्या प्रयोगशाळेत नोकरी करायची, तिथं तिचं कामच ते होतं. काचेच्या बशीत उंदराच्या हृदयाच्या पेशी वाढवायच्या. त्या बशीतसुद्धा आपापल्या धडधडत असतात. मग बशी बंद पेटीत ठेवून त्यांचा प्राणवायू तोडायचा, पुन्हा द्यायचा, आणि किती जगल्या, किती मेल्या हे पाहायचं. कोणत्या औषधानं जास्त जगतील, हा तिथला प्रश्न.

"ऐकलंत?" प्राणाचार्य उभे राहिले. "हे मी नाही बोललो. विज्ञान बोललं. सुकलेलं रान, त्यात वारा सुटला, तर काय होतं?"

"वणवा!" हॉल म्हणाला.

"तुमचं हृदय म्हणजे सुकलेलं रान. आणि हॉस्पिटलात नेलं की पहिलं काय लावतात?"

"ऑक्सिजन!"

"म्हणजे काय करतात?"

"जाळतात!"

"मी नाही हं म्हटलं, तुम्हीच म्हणालात," प्राणाचार्य हसून म्हणाले. "माझा हा पट्टा, हा प्राणबंध, हृदयाला शिकवतो. थोडा उपास, थोडा घास. मग रक्तवाहिनीत ना फुगा घालावा लागत, ना जाळी बसवावी लागत. गोळ्या? गोळ्या म्हणजे विस्तवावर रॉकेल."

शेवटी त्यांनी आपला डावा हात पुढं केला. पट्टा नाही, दांडी नाही. ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावलं आणि समोरच्या रांगेतल्या एका निवृत्त कंपाउंडरला नाडी धरायला बोलावलं. "आता मी माझं हृदय थांबवतो. उपासाची परमावधी." त्यांनी डोळे मिटले. टीव्हीवरचा आकडा गेला. रेघा. कंपाउंडरनं नाडी चाचपली, पुन्हा चाचपली आणि माइकवर घोगऱ्या आवाजात सांगितलं, "नाडी नाय लागत."

आता मात्र पौर्णिमाही चक्रावली. पट्टा नव्हता. मग रक्त थांबवलं कुणी?

टेंपोतून सगळे घरी आले. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून काकांनीच विषय काढला.

"काय गं, शास्त्रज्ञ? आज तोंडाला कुलूप?"

"काका, तुम्ही गोळ्या बंद केल्यात?"

"केल्या. आणि तो छातीचा फोटो काढायचा बोलला होता ना डॉक्टर, अँजिओग्राफी, तीबी रद्द केली. चढावर दुखायचं, आता दुखत नाय."

"तुम्ही चढावर जातच नाही आता," काकी आतून म्हणाली.

"तू गप गं." काका पौर्णिमाकडं वळले. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. काकांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि रोज एक गोष्ट बजावली: विचारल्याबिगर काय मानायचं नाय. त्यांच्या घरात छप्पन्न सालापासून देव्हारा नव्हता. अंगात येणाऱ्या बाईसमोर उभं राहून "तुझ्या देवाला माझा आधार नंबर विचार" म्हणणारा हा माणूस. "हे बघ पोरी, आपण देव मानत नाय, देवस्की मानत नाय. तिथं देव दिसला का तुला? अंगारा दिला त्यानं? पेशी बोलतो, प्राणवायू बोलतो. मशीन लावून दाखवतो. बावीस प्रतिज्ञांमधली कुठली मोडली मी?"

पौर्णिमाच्या आता लक्षात आलं. नारळ फोडणाऱ्या बाबाकडं काका मेले तरी गेले नसते. ह्या माणसानं नारळ बाजूला ठेवला होता, म्हणूनच ते फसले.

"त्या टीव्हीवरचा माणूस खोटं बोलला का?" मिलिंदनं विचारलं.

"नाही."

"मग झालं तर!"

"दादा, ते वाक्य पुरं कुठं होऊ दिलं? बघ, उन्हाळी भाताला कालव्याचं पाणी येतं. पाणी बरेच दिवस बंद राहिलं की जमिनीला भेगा पडतात. मग दार एकदम उघडलं तर लोंढ्यानं बांध फुटतो, खरं ना?"

"फुटतो की. गेल्या वर्षी आपलाच फुटला."

"म्हणून तुम्ही दार उघडलंच नाही का?"

"असं कसं? रोप करपलं नसतं?"

"मग काय केलंत?"

"फावडं घेऊन रातभर बांधाशी उभा राहिलो," मिलिंद म्हणाला आणि थांबला.

"तेच. पाणी परत आल्यानं थोडं नुकसान होतं. पाणी न आल्यानं सगळंच जातं. आम्ही प्रयोगशाळेत ते थोडं नुकसान कसं टाळायचं ते शोधतो. दार बंद ठेवा, असं कुणी सांगत नाही. आणि ती पट्ट्याची कल्पनाही त्यानं चोरलेली आहे. दंडाला पट्टा आवळून-सोडून हृदय वाचतं का, हे डॉक्टरांनी झटका आलेल्या हजारो लोकांवर करून पाहिलंय. तेही उपचार चालू ठेवून, उपचाराच्या जोडीला. फरक पडला नाही."

काकांनी दात कोरायची काडी बाजूला टाकली. "कालव्याचं पटलं," ते म्हणाले. "पण त्यानं पट्ट्याबिगर आपली नाडी थांबवली. ते कसं?"

पौर्णिमाला थाप मारता आली असती. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मंग शोध. सापडेपर्यंत मी रविवारी जाणार."

आठवडाभर पौर्णिमाला दुसरं काही सुचलं नाही. श्वास रोखून पाहिला; नाडी चालूच. मूठ आवळून पाहिली; चालूच. ती हॉलमध्ये पाहिलेलं एकेक आठवत राहिली. प्राणाचार्य माइक उजव्या हातात धरत. तक्त्याकडं बोट उजव्यानं दाखवत. भर उकाड्यात त्यांचा कुर्ता ढगळ आणि लांब बाह्यांचा. लोक पाया पडायला आले की आशीर्वादाला एकच हात वर जाई. डावा हात कायम अंगाला चिकटलेला, थंडीत कोंबडी पंख मिटते तसा. तिला त्या डाव्या हाताचा संशय होता, पण संशय दाखवून काकांना थांबवता येणार नव्हतं. एक गोष्ट मात्र पक्की होती. हृदय खरंच थांबलं तर ते एका मनगटापुरतं थांबत नाही.

रविवारी ती पहिल्या रांगेत, अगदी कडेला बसली. तिथून प्राणाचार्यांची मान दिसत होती. मान बारीक, आणि तिच्यालगत बसणारी स्फटिकांची माळ, "ऊर्जेसाठी". सुरुवातीलाच त्यांनी "उपासाची परमावधी" केली. टीव्हीवर रेघा आल्या. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. पौर्णिमाचे मानेवर.

माळेतला एक मणी उडत होता. टुक. टुक. टुक. जबड्याखाली, जिथं मोठी रक्तवाहिनी असते, नेमका तिथला. मनगटात म्हणे हृदय थांबलेलं, आणि गळ्यात ते मजेत चाललेलं.

ती उठणार, इतक्यात मंचावर गडबड झाली. पट्ट्यासाठी स्टुलावर बसलेले काका पुढं वाकले होते. कपाळावर घामाचे थेंब. ओठ राखेच्या रंगाचे.

"काय होतंय हो?" काकी धावली.

"छातीवर... कुणी बसल्यावानी... हात पन..."

"घाबरू नका!" प्राणाचार्य माइकवर म्हणाले. "प्राण उसळतोय. हीच ती घडी! कुणीही त्यांना हलवू नका."

"हॉस्पिटलात न्यायला पाहिजे," पौर्णिमा मंचावर चढली. "दादा, टेंपो काढ."

"न्या की!" प्राणाचार्यांचा आवाज मऊ झाला. "पण तिथं काय करतील, ते ह्या सगळ्यांना माहीत आहे. सुकल्या रानात वारा सोडतील. बाळा मिलिंद, तू मुलगा आहेस. वडील तुझे आहेत. तूच ठरव."

मिलिंद मंचाच्या मधोमध उभा. एका हातात टेंपोची किल्ली. बापाकडं बघतो, प्राणाचार्यांकडं बघतो. खाली सगळा हॉल श्वास धरून.

"मी माझा प्राण थांबवून त्यांना देतो," प्राणाचार्यांनी डावा हात पुढं केला. "धर माझी नाडी. खात्री कर."

मिलिंदनं मनगट धरलं. त्याचा चेहरा उतरला. "नाय लागत, पौर्णिमा. खरंच नाय लागत गं!"

"दादा, त्यांच्या गळ्याला हात लाव."

"स्पर्श करू नकोस! समाधी भंगेल!" प्राणाचार्य ओरडले.

"हृदय थांबलेला माणूस एवढा ओरडतो कसा?" पौर्णिमा म्हणाली. खाली कुणीतरी फिस्सकन हसलं. "दादा, गळा. जबड्याच्या खाली. माळ उडतेय ना, तिथं. वेळ नाही रे!"

एक पांढऱ्या कपड्यातला सेवक तिला ढकलायला आला, पण तोवर मिलिंदची बोटं प्राणाचार्यांच्या गळ्यावर होती. मिलिंदच्या हातांना इंजिनाची सवय. चालू आणि बंद यातला फरक त्याला कुणी शिकवायला नको होता. त्यानं बोटं जरा आणखी दाबली. मग म्हणाला, अगदी हळू, पण माइक जवळ होता:

"आयला. ह्याचं तर जोरात चालू हाय."

पुढच्या क्षणी त्यानं बापाला लहान पोरासारखं उचललं होतं. "सरका! सरका रं!" माणसं खुर्च्यांसकट सरकली. पौर्णिमाने टेंपोत बसता बसताच खोपोलीच्या हॉस्पिटलला फोन लावला. काकीनं कमरेची पिशवी सोडून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"टाकून द्या बोलले होते," ती रडत म्हणाली. "मी नाय टाकल्या. असं दुखलं तर ही चावून खायची, डॉक्टर बोलला होता." पौर्णिमाने फोनवर डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतलं आणि काकीनं ती गोळी काकांच्या तोंडात घातली. काका मुकाट चावत राहिले.

हॉस्पिटलात, फोनवर बोललेल्या डॉ. सुरभी दारातच उभ्या होत्या. छातीला तारा लागल्या, कागदावर रेघ निघाली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. "पनवेलला पोचेपर्यंत वाट बघत नाही," त्या म्हणाल्या. "गुठळी विरघळायचं इंजेक्शन आत्ता देते. मग पुढं पाठवू." त्यांनी काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं, आकडा पाहिला आणि पुढच्या कामाला लागल्या.

मिलिंद दाराशी अंग चोरून उभा होता. "मॅडम, ऑक्सिजन?"

"कशाला? रक्तात पुरेसा आहे. कमी असेल त्यालाच लावतो, सरसकट नाही."

मिलिंदनं पौर्णिमाकडं पाहिलं. हॉस्पिटलात गेलं की पहिलं ऑक्सिजन लावतात, असं अख्खा हॉल एका सुरात म्हणाला होता. इथं तर तो लावलाच नव्हता.

इंजेक्शन गेल्यावर सगळे मशीनकडं बघत बसले. हिरवी रेघ ठराविक चालीनं जात होती. मग काका म्हणाले, "जरा... हलकं वाटतंय." आणि तेवढ्यात रेघ वेडीवाकडी झाली. रुंद, फताडी, भलत्याच आकाराची. मशीन ओरडायला लागलं.

मिलिंद उसळला. "तेच! तो बोलला होता तेच झालं! जळालं! पौर्णिमा, काय केलंस तू?"

पौर्णिमाने ती रेघ ओळखली. बशीतल्या पेशींना तिनं हजारदा हे करताना पाहिलं होतं. प्राणवायू परत आला की त्या काही वेळ ताल सोडून नाचतात. पण बशीतल्या पेशी तिला लहानपणी खांद्यावर बसवून तळ्यावर घेऊन गेल्या नव्हत्या.

डॉ. सुरभी हलल्या नाहीत. शॉक द्यायच्या यंत्रावर एक हात, डोळे रेघेवर, दुसऱ्या हाताची बोटं काकांच्या नाडीवर. "काका, माझ्याशी बोला. नाव काय तुमचं?"

"कमळाकर... गायकवाड."

"गाव?"

काकांनी गाव सांगितलं. मुलाचं आणि पुतणीचं नाव सांगितलं. मध्येच रेघ सरळ चालीवर आली, आणि राहिली.

"वाट उघडली," डॉक्टर म्हणाल्या आणि मिलिंदकडं वळल्या. "उपाशी स्नायूला रक्त परत मिळालं की तो असा बिथरतो कधीकधी. पेशीत नको तेवढं कॅल्शियम शिरतं, आतली वीज निर्माण करणारी यंत्रणा गडबडते. त्यात काही पेशी मरतातही. तो तुमचा कोण आहे, त्यानं एवढंच खरं सांगितलं. म्हणून तर आम्ही इथं उभे राहतो. पण रक्त परत आलंच नसतं, तर हा सगळा भाग गेला असता. आणि बहुधा काकाही."

"आत्ता सगळं ठीक?"

"सगळं नाही. उशीर झालाय. काही भाग गेला, तो परत येणार नाही. आधीच तपासणी केली असती, गोळ्या चालू असत्या, तर एवढं झालं नसतं." त्यांनी काकांकडं पाहिलं. "पण जिवंत आहेत."

मिलिंद बाकावर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं.

पनवेलला जाळी बसली. काका घरी आले ते चार पावलं चालून दम खाणारे काका. ओट्यावर खाट टाकली, आणि अख्खी आळी भेटायला लोटली. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी न्यायची, हे आमच्याकडं कायद्यासारखं. ओट्याच्या कोपऱ्यात मोसंब्यांची टोपली भरून वाहायला लागली.

"तुमी गेलात आणि काय झालं म्हायत हाय?" समोरच्या घरातल्या पुतळाबाई आल्या आल्या सुरू झाल्या. त्या रविवारी त्या हॉलमध्येच मागं राहिल्या होत्या. "लोक उठाय लागले ना, तर त्यानं दोनी हात वर केले, 'थांबा, थांबा' करत. आणि कुर्त्यातून चेंडू पडला गं! रबरी चेंडू! टप टप टप करत पायऱ्या उतरला. कंपाउंडरच्या पायाशी गेला."

"चेंडू?" मिलिंद म्हणाला. "खेळायचा?"

पौर्णिमा उठली. तिनं टोपलीतलं घट्टसं मोसंबं उचललं आणि पुतळाबाईंपुढं धरलं. "मावशी, हे डाव्या काखेत धरा. हां, अगदी खोल. आता दंड अंगाला दाबा. जोरात. मिलिंददादा, मावशींची नाडी बघ."

मिलिंदनं मनगट धरलं. "हाय... हाय... हाय..." आणि त्याचे डोळे मोठे झाले. "गेली!"

"अगं बया! मी मेले का काय?" पुतळाबाई किंचाळल्या.

"बोलताय तर जिवंत आहात. हाताला रक्त नेणारी नळी काखेतून जाते, हाडाला लागून. तिथं काही कडक वस्तू दाबली की खालचं रक्त थांबतं. मनगटात नाडी लागत नाही, बोटावरच्या मशीनला ठोका सापडत नाही, मग ते रेघा दाखवतं. हृदयाला याचा पत्ताही नसतो. सोडा आता."

"आली!" मिलिंद म्हणाला.

मग काय विचारता. टोपली रिकामी झाली. आळीतली पोरं, बाया, बाप्ये, सगळे काखेत मोसंबी दाबून एकमेकांची मनगटं चाचपत बसले. "माझी गेली!" "माझी नाय गेली, नीट दाब की!" "ए, मला पण प्राणाचार्य बोला!" काका खाटेवरून बघत होते. त्यांनीही एक मोसंबं मागून घेतलं, तशी काकीनं ओरडून ते काढून घेतलं. "तुमचं पुरे झालं थांबवून."

गलका ओसरल्यावर काका म्हणाले, "मी पोरीला बोललो होतो, विचारल्याबिगर मानायचं नाय. मला वाटायचं, देव न मानणाऱ्याला कोण फसवणार? म्हणून मी विचारलंच नाय. तो मशीन घेऊन आला, माझ्याच भाषेत बोलला, आणि मी मान डोलावली. चमत्कार म्हणून दाखवला असता तर मी त्याची कॉलर धरली असती. विज्ञान म्हणून दाखवला, तर टाळ्या वाजवल्या." त्यांना दम लागला. "विज्ञान बोलणाऱ्यालाबी तपासायला पाहिजे. त्याचं पुरं वाक्य काय, कुणी, किती जणांवर करून बघितलं, आणि तो हात वर का करत नाय."

मिलिंद आणि कंपाउंडर त्याच आठवड्यात पोलिस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आले. चमत्कार दाखवून माणसं फसवण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे. तो वापरायला मात्र कुणीतरी उठून जावं लागतं. हॉलमधले ते रविवार बंद झाले. प्राणाचार्य घाटावर गेले म्हणतात. तिथं कदाचित वेगळं नाव असेल, वेगळा तक्ता असेल. म्हणून हे सविस्तर सांगितलं. चढावर छातीत दाब आला, घाम फुटला, हात भरून आला, तर ती तुमच्या हृदयाची हाक आहे. ते प्राणवायू मागतंय. त्याला तो लवकरात लवकर द्या. परत येताना होणारं नुकसान सांभाळायला डॉक्टर आहेत, आणि ते आणखी कमी कसं करायचं यावर जगभर माणसं डोकं खपवतायत. पण गेलेला वेळ कुठल्याच प्रयोगशाळेत तयार होत नाही.

मोसंब्यांच्या त्या दिवशी सगळे उठून गेले, तरी भागूबाई बसून राहिली. ती पलीकडच्या वाडीतली. तिच्या हातात मोसंबं नव्हतं, आणि ती नाडीच्या खेळात उतरलीही नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं पदराशी चाळा करत विचारलं:

"कमळाकरभाऊ, आमच्या ह्यांनाबी चढावर दुखतंय. मी त्यांना रविवारी तिकडं न्यायचं ठरवलं होतं. आता तो तर खोटा निघाला. मग कोनचा दुसरा कुणी हाय का ओळखीचा? रविवारपर्यंत सापडंल असा?"

पौर्णिमा काही बोलणार होती, पण काकांनी हात वर करून तिला थांबवलं. खाटेच्या कडेला धरून ते उठले, दम घेतला आणि भागूबाईसमोर येऊन उभे राहिले.

"हाय ना. खोपोलीत बसते. ती फुंकर मारत नाय, गोड बोलत नाय, आणि आमच्या तोंडावर बोलली, तुमी उशीर केलात." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल, उठ. रविवारची कशाला वाट बघतेस? आज मंगळवार हाय आणि तुझा नवरा जिवंत हाय."